वाडीच्या एकतीस नळ्या

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संशोधन केंद्राचे संचालक डॉ. विपुल देसले, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या, आपल्या प्रकल्पाला अर्थसाहाय्य करणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधी श्रीमती रुचिता केळशीकर, नीतिशास्त्र समितीतील माझे चार सहकारी, जिला निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ती संशोधिका हर्षला पिंगळे, प्रयोगशाळेतले आणि कार्यालयातले सर्व कर्मचारी, आणि कोंडाण्याच्या पलीकडच्या वाडीतून टेंपो करून कुंभिवलीला आलेली, निमंत्रण नसतानाही जिचा या सभेवर सर्वांत मोठा हक्क आहे ती शेवटच्या रांगेतली मंडळी: आपणा सर्वांना दशरथ ठोंबरे याचा नमस्कार.

मी चौतीस वर्षं कर्जतला महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. त्या सवयीनुसार काय सिद्ध करायचं आहे ते आधी सांगतो, म्हणजे वक्ता विषय सोडून बोलला असं नंतर कुणाला म्हणता येणार नाही. माझं प्रतिपाद्य असं आहे. पंचवीस जुलैच्या सकाळी वाडीतल्या एकतीस माणसांचं जे रक्त घेतलं गेलं, ते उपाशीपोटीच घेतलं होतं. ती माणसं खरं बोलली. हर्षला बरोबर होती. आणि म्हणून, शीतकपाटात ठेवलेल्या त्या एकतीस नळ्या येत्या सोमवारी नष्ट करण्याचा आदेश टिकत नाही.

निरोपाच्या भाषणात नळ्या कशाला, असा चेहरा पहिल्या रांगेत काहींनी केलेला मला दिसतो आहे. रास्त आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी हर्षलाच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, तिच्या अक्षराचं केलं, गणपतीत तिने काढलेल्या रांगोळीचंही केलं. ते सगळं खरं आहे. मात्र दोन वक्ते असं म्हणाले की ती वैयक्तिक कारणास्तव केंद्र सोडते आहे. मघाशी चहाच्या वेळी मी तिलाच विचारलं, "कोणतं गं हे वैयक्तिक कारण?" ती म्हणाली, "सर, ते संचालकांना विचारा. मला अजून कळवलेलं नाही."

ज्या विधानाचा कर्त्यालाच पत्ता नाही, ते विधान मी विचारात घेत नाही. खरं कारण मी सांगतो. त्यासाठी आधी विज्ञानाचा थोडा भाग सांगावा लागेल. मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते हर्षलाने मला शिकवलं आहे, आणि त्यात काही चुकलं तर ती समोरच बसली आहे.

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण असतात. ते मुळात वाईट नव्हेत. पेशींना त्यांची गरज असते. त्यांना आत घेण्यासाठी पेशीच्या अंगावर एक दरवाजा असतो, त्याला शास्त्रात ग्राही म्हणतात. हा दरवाजा समंजस आहे. पंगतीत पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो, तसा पुरेसं झालं की तो मिटत जातो. पण हेच कण धमनीच्या भिंतीत अडकून राहिले आणि तिथे ऑक्सिजनने बिघडले, म्हणजे त्यांचं ऑक्सिडीकरण झालं, की हा दरवाजा त्यांना ओळखेनासा होतो. मग सफाई करणाऱ्या पेशी पुढे येतात. त्यांच्या अंगावर निराळे ग्राही असतात, त्यांपैकी एकाचं नाव सीडी-छत्तीस. बिघडलेले कण तो आत घेतो, आणि घेतच राहतो. इथे पानावर आडवा हात नाही. उलट माल आत जाईल तसे आणखी दरवाजे उघडतात. पेशी फुगते, फेसाने भरल्यासारखी दिसू लागते, हलेनाशी होते, तिथेच मरते. अशा पेशींचा थर वर्षानुवर्षं भिंतीत साचतो. एके दिवशी तो फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि लावणीच्या चिखलात वाकलेला माणूस पुन्हा सरळ होत नाही.

हे समजायला मला तीन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीत हर्षला म्हणाली, "सर, असं समजा की सफाई कामगाराला कामावरून घरी जायची मुभाच नाही." मी म्हणालो, "उपमा म्हणजे पुरावा नव्हे." ती म्हणाली, "मान्य. पण पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली आहे, आणि तुमचा चष्मा घरी राहिलाय."

आता आपला प्रकल्प. सीडी-छत्तीस या ग्राहीची संख्या कमी करते असा दावा असलेली एक कॅप्सूल. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली एकशे शहाऐंशी माणसं. काही गावांना खरी कॅप्सूल, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी. कोणत्या गावाला कोणती, हे शेवटपर्यंत गुपित. सुरुवातीला एकदा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि पेशींवरचे दरवाजे यंत्राने मोजायचे. अट एकच: आधीचे बारा तास पाण्याखेरीज पोटात काही जाता कामा नये.

बारा आठवडे झाले. वाडीतल्या माणसांच्या पेशींवरचे दरवाजे ठळकपणे कमी झालेले दिसले. पुढे गुपित उघडलं तेव्हा कळलं की वाडीला रिकामी कॅप्सूल होती. याचा अर्थ शेवटच्या रांगेतल्या मंडळींसाठी सोप्या शब्दांत सांगतो. वाडीला हिशेबात धरलं, तर खरी कॅप्सूल आणि रिकामी कॅप्सूल यांत फरक उरत नाही. वाडीला वगळलं, तर कॅप्सूल गुणकारी ठरते.

आणि वाडीला वगळण्यात आलं.

कसं, ते ऐका. बारा ऑगस्टला नीतिशास्त्र समितीची सभा झाली. विषयपत्रिकेवर आठ विषय होते. सातवा विषय असा की वाडीतलं शिबिर पंचवीस जुलैला झालं, आणि चोवीस जुलैला आषाढ अमावास्या होती. म्हणजे गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून आज मटण आणि त्याच्यासोबत जे काही असतं ते. इथल्या कुणाला गटारी समजावून सांगायची गरज नाही. काही जण मान खाली घालून हसत आहेत. तर समितीपुढे प्रश्न आला की अशा रात्रीनंतर सकाळी सातला घेतलेलं रक्त उपाशीपोटीचं कसं मानायचं? एका सदस्याने त्यावर लेखी टिपण दिलं. त्यातलं वाक्य असं: "ज्या रात्री सबंध तालुका जेवतो, त्या रात्री ही एकच वाडी उपाशी झोपली असे मानण्यास आधार नाही, सबब सहभागींचे कथन विश्वासार्ह नाही."

वाक्य सुबक आहे. ते माझं आहे.

हर्षला त्या सभेत माहिती देण्यासाठी हजर होती. ती उठली. म्हणाली, "सर, वाडीत मयत झालं होतं. गटारी कुठली?"

मी विचारलं, "त्या रात्री तुम्ही वाडीत होतात?"

"नाही सर."

"मग हे ऐकीव झालं. लेखी काही आहे?"

"लेखी नाही. पण त्यांना विचारा ना, सर. अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

"समिती कागदावर चालते," मी म्हणालो. माझ्या एका सहकाऱ्याने टेबलावर बोटं वाजवली, दुसऱ्याने घड्याळ पाहिलं, आणि विषय संपला. पाच सह्या झाल्या.

त्यानंतर अंतिम अहवाल तयार झाला. त्यावर संशोधिका म्हणून हर्षलाची सही हवी होती. तिने वाडीशिवायच्या अहवालावर सही करायला नकार दिला. नकाराचं कारण तिने लिहून दिलं, अवघ्या तीन ओळींचं. पंधरा दिवसांनी तिला कळवण्यात आलं की तिचा करार पुढे चालणार नाही. हे झालं तिचं वैयक्तिक कारण.

माझ्या हातात आत्ताच एक चिठ्ठी दिली गेली आहे. "सर, कृपया आटोपतं घ्यावं." चिठ्ठीवर सही नाही, त्यामुळे ती विचारात घेता येत नाही. अध्यक्ष महाराज, आपल्याला ती सही करून पुन्हा पाठवायची असेल तर मी थांबतो.

नाही? आभारी आहे.

हर्षलाचा करार संपल्याचं मला ऑक्टोबरच्या शेवटी समजलं. तेव्हा मी वाडीवर गेलो. जे काम ऑगस्टमध्ये अर्ध्या तासात झालं असतं, ते अडीच महिने उशिरा केलं. बायजाबाई ओट्यावर भात पाखडत होत्या. त्या आज शेवटच्या रांगेत आहेत, तेव्हा त्यांचं बोलणं मी बदलून सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर त्या मला इथेच थांबवतील. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि विचारलं, "गटारीच्या रात्री तुम्ही काय जेवलात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सर, तुमी मोठ्या कालेजात शिकवलंत म्हनतात."

"हो."

"आमच्या हिरामणला जाऊन आठ दिस झालेले. दीर माझा. आख्खी वाडी एक भावकी हाय. सुतकात गटारी करतात, ह्ये कोनच्या कालेजात शिकवतात?"

शेजारच्या ओट्यावरून एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अगं, त्यांच्या बुकात सुतक नसंल गं."

"नसंल तर लिवा म्हनावं."

मी काटेकोरपणे विचारलं, नेमकं काय जेवलात, किती वाजता. त्या म्हणाल्या, "भात नि बिनफोडनीची डाळ. कढई चुलीवर चढलीच नाय, आठी दिस. तळन नाय, फोडनी नाय. सांजचा दिवा लागला तवा जेवलो नि आडवे झालो. सकाळी ती पोर आली, हर्षला. मीच सगळ्यांना म्हनलं, चला रं, रगत द्या. हिरामणला जे झालं त्ये आपल्यात कुनाला हाय का, बघू दे तिला. पानीबी पिलो नव्हतो आमी." मग म्हणाल्या, "आन तुमी लिवलंत का आमी खोटं बोललो. पोरीनं नाय सांगितलं आमाला. आमची प्राची तुमच्या हापिसात कामाला हाय, तिनं कागद वाचला."

मी ते शब्दशः लिहून घेतलं.

आता पुरावा मांडतो. हिरामण सतरा जुलैला शेतात गेला आणि तिथेच कोसळला. वय सत्तेचाळीस. कर्जतच्या रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. सतरापासून मोजलं तर पंचवीस तारीख हा नववा दिवस. वाडीतली एकवीसही घरं एकाच भावकीची, म्हणून एकवीसही घरांना सुतक. दुसऱ्या दिवशी दहाव्यासाठी नदीवर जायचं होतं, म्हणून एकही माणूस बाहेरगावी नव्हता. दिवा लागताना जेवण, म्हणजे सात वाजता; सकाळी सातला रक्त. बारा तास झाले. मोजून घ्या.

आणखी एक गोष्ट. त्याच सकाळी दुसऱ्या एका गावातही आपलं शिबिर ठरलेलं होतं. तिथे अठ्ठावीस नावांपैकी नऊ जण आले, त्यांतले दोघे भिंतीच्या आधाराने. ते शिबिर आपण पुढे ढकललं. वाडीत एकतीसपैकी एकतीस, सातच्या ठोक्याला, रांगेत उभे. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सबंध वाडी रांगेत उभी राहते, ही हजेरीच ओरडून सांगत होती की इथे गटारी झालेली नाही. माझ्या वर्गातल्या सर्वांत सुमार विद्यार्थ्यालाही हे अनुमान जमलं असतं.

आक्षेप येईल की हे सगळं आजही माणसांचं तोंडी सांगणं आहे. ठीक. मग नळ्यांना विचारा. रात्री उशिरापर्यंत मेजवानी झालेल्या माणसाच्या रक्तातली चरबी सकाळी साधारणपणे चढलेली सापडते. ती तपासणी एका सकाळीत होते, याच इमारतीत होते, आणि आपल्या यंत्रांना ती येते. तीन महिने ती कुणी केली नाही. आणि आता नळ्याच नष्ट करायच्या? ज्याला उत्तराची खात्री असते, तो उत्तरपत्रिका जाळायला निघत नाही.

मी काय सिद्ध करत नाही, तेही स्वच्छ सांगतो. आठ दिवस कढई उतरवली म्हणून पेशींवरचे दरवाजे कमी झाले, असं मी म्हणत नाही. एकतीस माणसं थोडी आहेत. शोकात माणूस कमी खातो, कमी झोपतो. कारणं अनेक असू शकतील. तेलाच्या डब्यावर कोलेस्टेरॉल नाही असं छापतात, ते खरंच असतं. कोलेस्टेरॉल प्रामुख्याने आपलं शरीरच तयार करतं. ते बिघडतं कशाने, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो. श्रीमती केळशीकर, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. वाडीला वगळलं तेव्हा गुपित उघडलेलं नव्हतं; तरी वाडीला कोणती कॅप्सूल होती हे आधीच कुणाला ठाऊक होतं का, हा प्रश्नही मी फक्त विचारून ठेवतो. उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आरोपही नाही. हर्षलाने तिच्या तीन ओळींत शेवटी लिहिलं होतं, "घट कशामुळे झाली ते अज्ञात, पुन्हा तपासावे." एवढं म्हणण्याचा हक्क ज्या संस्थेत नाही, त्या संस्थेने दारावर संशोधन हा शब्द कशासाठी लावला आहे?

हर्षला, आता तुझ्याशी दोन शब्द. मघाशी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "सर, तुम्ही काही बोलू नका, तुम्हाला समितीतून काढतील." मी पंचाहत्तरीचा आहे, मला काढायला समितीच्या आधी बरेच जण रांगेत आहेत. ही शाल आणि नारळ घे. ते तुझ्या सोबत्यांनी मनापासून आणलं आहे. पण शालीखाली एक पाकीट आहे. त्यातल्या पत्रात तू स्वेच्छेने जात असल्याचं लिहिलं आहे, आणि खाली तुझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. ती जागा मोकळीच राहू दे. तू ऑगस्टपासून एकही खोटी सही केलेली नाहीस. या खोलीत असं म्हणू शकणारी माणसं फार नाहीत, आणि मी तर नाहीच.

बायजाबाई, आपण मला वाडीवरून निघताना विचारलंत की हिरामणला जे झालं ते आपल्यात कुणाला आहे का, हे कोण सांगणार. मी सांगू शकत नाही. ते ज्ञान माझ्याकडे नाही. पण जे सांगू शकते तिचं काम आणि तुमचं रक्त, दोन्ही एकाच कपाटात आहेत, आणि सोमवारी ते कपाट कुणी उघडणार नाही, याची व्यवस्था मी आज करून जाणार आहे.

ती व्यवस्था अशी. आपल्या समितीच्या कार्यपद्धतीतलं अकरावं कलम सांगतं की नमुने वगळण्याचा निर्णय एकमतानेच होतो, आणि अंतिम अहवाल दाखल होण्यापूर्वी एका सदस्याने जरी आपलं मत लेखी मागे घेतलं, तरी फेरविचार होईपर्यंत नमुने जतन करावे लागतात. अहवाल दाखल झालेला नाही, कारण त्यावर हर्षलाची सही नाही. आवक-जावक पाहणारे साईनाथ तिथे दाराशी उभे आहेत. साईनाथ, शिक्का बरोबर आणायला मी तुम्हाला सकाळी सांगितलं होतं. पुढे या. अध्यक्षांकडे बघू नका. आवक नोंदवायला परवानगी लागत नाही.

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलं, ज्यांची इच्छा नव्हती त्यांनीही घेतलं, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, आणि नंतर परत मागितला, दोन्हींबद्दल आभार. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मानमरातबात उणं राहिलं असेल, एखादं नाव सुटलं असेल, शब्द कठोर गेला असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्यावं. पुढच्या कागदात जे आहे त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. ती देण्याचा अधिकार शेवटच्या रांगेला आहे, आणि त्यांनी ती घाईने देऊ नये. मी फक्त आवक क्रमांक मागतो. कागद वाचतो आणि आपणा सर्वांसमोर सही करतो.

प्रति, सदस्य सचिव, नीतिशास्त्र समिती, यांस.

मी, दशरथ विठोबा ठोंबरे, समितीचा सदस्य, कबूल करतो की बारा ऑगस्टच्या सभेत सातव्या विषयाखाली मी दिलेले टिपण चुकीचे होते. त्याच सभेत तिसरा विषय प्रकल्पातील एका सहभागीच्या मृत्यूचा होता. हिरामण, राहणार वाडी, मृत्यू सतरा जुलै. तो कागद मी वाचला आणि त्यावर सही केली. चार विषयांनंतर हर्षला पिंगळे यांनी त्याच वाडीत मयत झाल्याचे सांगितले, तेव्हा मी त्यांच्याकडे लेखी पुरावा मागितला. तो माझ्या उजव्या हाताखाली होता. मी तो उलटून पाहिला नाही, वाडीला विचारले नाही आणि एकतीस माणसांना खोटे ठरवले. ते टिपण मी आज मागे घेत आहे. समितीचा निर्णय यापुढे एकमताचा नाही.

कुंभिवली, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

सही: द. वि. ठोंबरे